जेलरकाकांचा रविवारचा खेळ

खोली बघायला गेले तेव्हा जेलरकाकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "चोर हुशार असतो असं वाटतं तुम्हाला?"

मी सांगलीहून बदली होऊन उज्जैनला आले होते. ऑफिस फ्रीगंजमध्ये, आणि एकट्या बाईला खोली द्यायला आख्ख्या फ्रीगंजात कुणी तयार नव्हतं. "घर में पूछ के बताते हैं" हे उत्तर मला पाठ झालं होतं. शेवटी ऑफिसातल्या एकांनी घड्याळाच्या टॉवरमागच्या गल्लीतलं हे मराठी घर सुचवलं. "रिटायर्ड जेलर आहेत. जरा सटकलेले आहेत, पण घर चांगलं आहे." मी लग्नाचं, गावाचं, जातीचं उत्तर तयार ठेवून गेले होते. चोरांविषयी काहीच तयारी नव्हती.

"असावा," मी म्हणाले. "हुशारी लागतच असेल ना त्याला."

"कसली आलीय हुशारी! सारी नोकरी चोरांमध्ये काढली मी. एक हुशार नाही भेटला. हां, हुशार लोक बाहेर राहतात, ती गोष्ट अलग. त्यांना चोर नाही म्हणत." मग आतल्या दाराकडे तोंड करून ते ओरडले, "अगं, ह्या राहतील वर! रविवारी दुपारी चारला खाली यायचं बाई. सिनेमा असतो. बाकी काही अट नाही."

"अहो, लोकांना अटी नका घालू," आतून काकूंचा आवाज आला. "येतील त्यांना वाटलं तर."

"वाटायचं काय त्यात? यायचं म्हणजे यायचं."

अशी मी त्या घरात राहायला गेले आणि चांगली पाच वर्षं राहिले.

काका उंच, वाळके, आणि उजवा पाय किंचित ओढत चालणारे. कैद्यांच्या दंग्यात पाय मोडला अशी गल्लीत समजूत होती आणि काकांनी ती कधी खोडून काढली नाही. मला मात्र त्यांनी सांगितलं, की जेलच्या स्वयंपाकघरात सांडलेल्या डाळीवरून घसरले होते. निवृत्त होऊनही ते खाकी पँट घालायचे, वर साधं बनियन. कुठल्याही खोलीत शिरले, की आधी डोकी मोजायचे. लग्नाच्या मांडवातसुद्धा ओठ हलायचे त्यांचे. पंगतीतून कुणी हात धुवायला उठलं, की तो माणूस परत जागेवर बसेपर्यंत काकांचा घास अडलेला. "जुनी बीमारी आहे," काकू म्हणायच्या. "आमच्या हनिमूनला धर्मशाळेत सगळ्यांची गिनती झाली होती."

घराणं शिंद्यांच्या दरबारात चाकरीला होतं. नातेवाईक अजून त्या ऐटीत होते, आणि आपल्यातला एक जण जेलखात्यात गेला याची खंत त्यांना वाटायची. गणपतीत एक चुलतभाऊ ग्वाल्हेरहून यायचे. त्यांच्यासमोर काका मुद्दाम एखादा सुटलेला कैदी जेवायला बसवायचे आणि ओळख करून द्यायचे, "हे आमच्याकडे सात वर्षं होते."

आता त्या सिनेमांविषयी सांगते, कारण त्यांच्याशिवाय काका सांगता येत नाहीत.

त्यांच्याकडे गावोगाव खेळ करणाऱ्या लोकांकडे असतं तसला एक छोटा प्रोजेक्टर होता, लिलावात घेतलेला. आणि पत्र्याच्या डब्यांत पाच-सहा सिनेमे. इंदूरच्या वितरकांनी गोदामं रिकामी करायला काढली तेव्हा काका तिथे जाऊन बसायचे. जुन्या फिल्म्स तेव्हा त्या वितळवून बांगड्या करणारे लोक वजनावर उचलून न्यायचे. त्यांच्या हातातून काकांनी हे डबे सोडवून आणले होते. सगळे सिनेमे काळे-पांढरे, महायुद्ध संपल्यानंतरच्या दहाएक वर्षांतले, मुंबईतल्या कुठल्यातरी पडक्या स्टुडिओत पटकन उरकलेले. नट असे, की ज्यांची नावं तेव्हाही कुणाला ठाऊक नसतील. गोष्ट नेहमी चोरांची आणि नेहमी विनोदी. कुणीतरी हार चोरायला जातं आणि भलतीच पेटी घेऊन येतं. कुणी दरोडा घालायला निघतं आणि गाडीत पेट्रोल नसतं.

मी पहिल्या रविवारी गेले ती नाइलाजाने. नीळ घातलेली कडक चादर भिंतीवर ताणलेली, खिडक्यांना कांबळी, समोर खुर्च्या आणि सतरंजी. निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको, शेजारच्या शाळेतले एक ड्रॉइंग मास्तर, आणि मी. काकू कधी बाहेर येत नसत. त्या आत पोहे करायच्या आणि नुसतं ऐकायच्या. त्यांनी त्यातला एकही सिनेमा पाहिलेला नव्हता, पण संवाद सगळे तोंडपाठ. हशाच्या जागी त्या आमच्या आधी हसायच्या. सिनेमा चालू असताना बोलायला सक्त मनाई होती. पोस्टमास्तरांना खोकला आला तरी ते अंगणात जाऊन खोकून यायचे.

मला काही फारसं हसू आलं नाही. खेळ संपल्यावर मी म्हणाले, "काका, चोराचा अड्डा, हिरॉइनचं घर आणि कमिशनरचं ऑफिस, सगळं एकाच खोलीत घेतलंय. नुसते पडदे बदललेत."

काकांचा चेहरा एकदम उजळला. "बघितलंत तुम्ही! भिंतीवरचं वाघाचं डोकं बघितलं? अड्ड्यात डावीकडे, कमिशनरकडे उजवीकडे. दुसरा वाघ परवडत नव्हता बिचाऱ्यांना."

"मग हे चांगलं कसं?"

"मोठ्या बजेटचा सिनेमा तुम्हाला फसवून राहतो. खरा महाल, खरे हिरे, चोर पण राजबिंडा. ह्यांना फसवायला परवडत नाही. म्हणून हे खरं बोलतात. कोट दुसऱ्याचा आहे हे दिसतं. भूक लागली आहे हे दिसतं. नटाला खरंच लागलेली असायची."

कोटांवर त्यांचा वेगळाच सिद्धांत होता. या सिनेमांतले स्मगलर मुंबईच्या उकाड्यात जाड ओव्हरकोट घालून हिंडतात, कारण लढाई संपली तेव्हा फौजेतले कोट बाजारात पडेल भावाने आले होते, असं ते म्हणायचे. खरं-खोटं मला माहीत नाही. पण दुसरी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला पटली. "तेव्हा रेशन होतं बाई. साखर नाही, कापड नाही, रॉकेल नाही. प्रत्येक घरात कुणीतरी काहीतरी काळ्या बाजारातून आणलेलं. माझ्या आईने मेलेल्या सासूचं नाव दोन वर्षं कार्डावर ठेवलं होतं. थिएटरात बसलेला प्रत्येक माणूस थोडा थोडा चोर होता. आणि पडद्यावर हा येडा पेटी घेऊन पळून राहिला आहे, आणि पेटी उघडते. लोक कुणावर हसत होते? स्वतःवर. स्वतःवर हसून माणूस घरी गेला, की त्या दिवशी बायकोला मारत नाही."

ही आवड त्यांना लागली जेलमध्ये. पूर्वी महिन्यातून एकदा कैद्यांना सिनेमा दाखवायचे. एका महिन्यात वरून एक नावाजलेला सिनेमा आला. त्यातला डाकू न्यायासाठी लढणारा, शेवटी आईच्या मांडीवर मरणारा. कैदी मर्तिकाला बसावं तसे बसून होते. एकाने तर विचारलं, "साहब, मैं बैरक में जाऊँ?" पुढच्या महिन्यात डबा चुकून भलताच आला. तीन चोर रात्री भिंत फोडून आत जातात, आणि ती निघते पोलीस चौकीची भिंत. काका सांगायचे, की त्या दिवशी जेलच्या भिंती हलल्या. खुनाच्या गुन्ह्यातला एक म्हातारा कैदी महिनोन् महिने कुणाशी बोलला नव्हता. तो डोळे पुसत काकांकडे आला आणि म्हणाला, "साहब, बिलकुल ऐसा ही हुआ था." त्याने सांगितलं, की तरुणपणी पहिल्या चोरीला तो अंधारात ज्या घरात शिरला, ते त्याच्याच मावशीचं निघालं. मावशीने ओळखलं, जेवायला वाढलं आणि सकाळी शेतावर कामाला जुंपलं. "त्याच दिवशी सुधरलो असतो साहेब, पण मावशी मेली," असं तो म्हणाला होता. त्या दिवसापासून तो बोलायला लागला.

"त्याला कुणी राजबिंडा डाकू दाखवून बोलता केला नाही," काका म्हणायचे. "त्याला त्याच्यासारखा गाढव दाखवावा लागला."

ठरवलं की करायचं, हा त्यांचा स्वभाव. एकदा प्रोजेक्टरचा दिवा गेला. तसला दिवा आता कुठे मिळत नव्हता. काका देवास गेटवरून बस धरून दर आठवड्याला इंदूरला जायचे, तिथून कधी भोपाळला, आणि रिकाम्या हाताने परत यायचे. मला वाटलं, रविवार सुटला. पण चारच्या ठोक्याला काकांची हाक आली. खाली गेले तर चादर ताणलेली, खुर्च्या मांडलेल्या.

"दिवा मिळाला?"

"नाही मिळाला. बसा."

आम्ही कोऱ्या चादरीसमोर बसलो. पोहे आले, चहा आला. पोस्टमास्तर खोकायला बाहेर जाऊन आले. तासभराने काका उठले आणि म्हणाले, "झालं. पुढच्या रविवारी या." पावसाळाभर हे असंच चाललं. मी एकदा चिडून विचारलं, हे कशासाठी. ते म्हणाले, "दिवा मिळेल. पण एकदा लोकांची यायची सवय गेली तर ती कुठल्या दुकानात मिळणार?" दिवाळीच्या सुमाराला महूच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना दिवा मिळाला.

दिवस असे होते, की चादरीवरचा सिनेमा बघायचं खरं तर कुणाला कारण उरलं नव्हतं. घरोघरी रंगीत टीव्ही आले, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या आल्या, केबलवाल्याच्या वायरी आमच्या बाल्कनीतून आडव्या गेल्या. मिक्सर, व्हीसीआर, नव्या स्कूटरी. माधव नगरात नवी दुकानं उघडत होती, आणि गल्लीत कुणाकडे नवीन खोकं उतरलं की सगळे बघायला जायचे. काकांकडेही मुलाने बंगलोरहून टीव्ही पाठवला होता. काकूंनी त्यावर विणलेलं कापड घातलं आणि त्या संध्याकाळच्या मालिका बघू लागल्या. काकांनी विरोध केला नाही. फक्त म्हणाले, "हा डबा घरात एकट्याला हसवतो. बरं नाही ते."

काका गेले तेव्हा मी बदलीच्या गावी नागपूरला होते. मला पोचायला उशीर झाला. काकू शांत होत्या. सिनेमांपैकी दोन डबे उघडले तर आत फिल्म चिकटून लाद्या झालेल्या, आंबूस वास येत होता. बाकीचे मुलगा घेऊन गेला. तो सांगत होता, त्याच्या आठवणीत बाप म्हणजे अंधारात खुर्चीवर बसलेली एक पाठ. मी त्याला म्हणाले, की मला तुझे बाबा उजेडात बघायला मिळालेत. आणि त्याला त्या रविवारची हकिगत सांगितली. तीच इथे सांगते.

सिंहस्थ होऊन वर्ष झालं असेल. उन्हाळा होता. गल्लीत चोऱ्या फार वाढल्या होत्या. कुणाचा कूलर, कुणाचा व्हीसीआर. समोरच्या कापडवाल्या सेठजींची कोरी स्कूटर तर दारातून गेली होती. लोक संध्याकाळी ओट्यांवर बसून दुसरं काही बोलत नव्हते. "एक मिल जाए बस," हे वाक्य रोज कानावर यायचं. वस्तू नव्या होत्या, आणि त्या जातील ही भीतीही नवी होती.

त्या रविवारी काकांनी कवळीचा सिनेमा लावला होता. त्याच्या सुरुवातीची फिल्म झिजून गेलेली, त्यामुळे खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. गोष्ट अशी, की तीन भुरटे चोर स्टेशनवर एक पेटी पळवतात आणि तीत निघते दातांची कवळी. ती असते स्मगलरांच्या म्होरक्याची. आता बिनदातांचा म्होरक्या काय हुकूम देतोय ते त्याच्या टोळीला कळेना. तो बंदरावर ओरडतो "माल उतारो", आणि टोळीला ऐकू येतं "बाल उतारो". पुढच्या दृश्यात सगळी टोळी डोकी चकोट करून, ओव्हरकोट घालून रांगेत उभी.

आम्ही सगळे हसलो. आत काकू हसल्या. आणि आमचं हसून झाल्यावरही एक हसणं चालूच राहिलं. ते वरून येत होतं.

काकांनी प्रोजेक्टरचं बटण बंद केलं. अंधारात त्यांचा आवाज आला, "एक माणूस जास्त आहे."

माझ्या खोलीकडे जाणारा जिना अंगणातून वर जायचा. बैठकीची एक उंचावरची खिडकी त्या जिन्यावर उघडायची, आणि मशीन तापतं म्हणून तेवढी एकच उघडी असायची. ड्रॉइंग मास्तर धावत बाहेर गेले. जिन्यावर एक तिशीतला माणूस उभा होता. खांद्यावर माझी चादर गाठोडं करून टाकलेली. तिच्यात माझी इस्त्री, ट्रान्झिस्टर, नवा मिक्सर आणि आईने दिलेली चांदीची समई होती. जाता जाता खिडकीतून त्याची नजर आत गेली होती, आणि तो तिथेच थांबला होता.

मास्तरांनी त्याला धरला आणि ते "चोर, चोर" असे ओरडले. ते ओरडले नसते तर बरं झालं असतं. पण माणूस ओरडतोच. दोन मिनिटांत गल्ली अंगणात होती. हॉकी स्टिक, काठ्या, कुणाच्या हातात सायकलची साखळी. सेठजी सगळ्यांत पुढे, कमरेचा पट्टा काढून. मी असा जमाव आधी कधी पाहिला नव्हता. यातले सगळे रोज मला "नमस्ते दीदी" म्हणणारे लोक होते, आणि त्यांच्यातला एकही चेहरा मला ओळखता येईना.

काकांनी त्या माणसाला दंडाला धरून बैठकीत ओढलं आणि स्वतः दारात उभे राहिले. आतमध्ये काकूंनी मागच्या दाराची कडी लावली. कुणी मागून येऊ नये म्हणून, आणि कुणी मागून जाऊ नये म्हणूनही.

"जेलर साब, हटिए," सेठजी म्हणाले.

"नहीं हटूँगा."

"आप चोर को बचा रहे हैं?"

"मैं अपनी पिक्चर बचा रहा हूँ. आखिरी रील बाकी है."

"ये मजाक का टाइम है?"

"बिलकुल है. देखनी हो तो चप्पल उतारो और अंदर बैठो. नहीं देखनी तो घर जाओ. दरवाजे में भीड़ मत करो."

मागून कुणीतरी त्यांना ढकललं. काकांचा वाईट पाय लटपटला. त्यांनी चौकटीला हात लावला, पण जागा सोडली नाही. आवाज चढवला नाही. त्यांनी ओठ हलवले आणि मला कळलं, की ते त्या गर्दीतली डोकी मोजताहेत. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "सामान इनका है. इनसे पूछो."

सगळे माझ्याकडे वळले. आत सतरंजीवर बसलेला तो माणूस गुडघे पोटाशी घेऊन माझ्याकडेच बघत होता. मी म्हणाले, "मेरा सामान है और मुझे मिल गया है. मुझे पिक्चर पूरी देखनी है. बैठिए आप लोग."

कुणी हललं नाही. मग सेठजींची आई, ऐंशीच्या घरातली म्हातारी, जमावातून वाट काढत पुढे आली. "म्हारे भी देखनी है," असं म्हणून तिने दारात चपला काढल्या आणि काकांच्या हाताखालून आत जाऊन खुर्चीवर बसली. आई आत बसल्यावर सेठजी बाहेर कसे राहणार? एकामागून एक माणसं आत आली. खोली गच्च भरली. मांडीवर हॉकी स्टिक आणि काठ्या घेऊन लोक बसले. चोराला काकांनी आपल्या खुर्चीला टेकून बसवला, आणि बटण दाबलं.

शेवटच्या रिळात पोलीस त्या टकल्या टोळीला पकडतात. इन्स्पेक्टर म्होरक्याला नाव विचारतो. तो बोळक्या तोंडाने काहीतरी सांगतो. इन्स्पेक्टर जे ऐकू येतं ते लिहून घेतो, आणि ते नाव निघतं त्याच्या स्वतःच्या सासऱ्याचं. मग सगळी फौज जाऊन सासऱ्याला बेड्या घालते. सासरा घोंगड्यात गुंडाळलेला, सासू लाटणं घेऊन मागे.

पहिल्यांदा सेठजींची आई हसली. मग मागे कुणीतरी. सेठजी बराच वेळ ओठ आवळून बसले होते. सासू इन्स्पेक्टरच्या पाठीत लाटणं घालते तिथे त्यांचा बांध फुटला. त्यांच्या मांडीवरचा पट्टा खाली पडला, आणि तो उचलायला ते वाकले ते हसत हसत तसेच वाकून राहिले.

कांबळी बाजूला झाली, उजेड आला. लोक डोळे चोळत एकमेकांकडे बघू लागले. दोन-चार जण अजून घुटमळत होते. "साब, दो हाथ तो मारने दो," एक जण म्हणाला, पण त्यात आता जोर नव्हता. काकांनी बूट घातले, त्या माणसाचं मनगट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला म्हणाले, "चोरी की है, सजा होगी. सजा से पहले कुछ नहीं होगा. चल."

जवळच्या चौकीपर्यंत आम्ही तिघं चालत गेलो. चौकीचे साहेब बाहेर गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार होते. चौकीत एक हवालदार आणि लिहिण्याचं काम करणारा एक मुन्शी. माझी तक्रार लिहून झाली. हवालदार म्हणाला, "आप लोग जाइए साब, छोड़ जाइए इसको. हम देख लेंगे."

"मी बसतो," काका मला मराठीत म्हणाले. "तुम्ही घरी जा."

"कशाला काका? नोंद झाली ना?"

"साहेब सही करतील, डॉक्टर तपासतील, तेव्हा नोंद. आणलेला माणूस आणि नोंदलेला माणूस, या दोघांच्या मधला वेळ फार वाईट असतो बाई."

मी घरी आले. काकूंना सांगितलं. त्या कणीक मळायला बसल्या. पोळ्या लाटता लाटता त्यांनी मला सांगितलं, की काका नोकरीत नवे असताना एका लहान गावाहून एक माणूस जेलात आला होता. मंदिरातली घंटा चोरलेली. आला तेव्हा त्याचा हात मोडलेला होता आणि तोंडाला धड आकार नव्हता. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, पडला. काकांनी आधी आपण सही करणार नाही म्हणून सांगितलं. मग वरिष्ठ रागावले तेव्हा सही केली. तिसऱ्या दिवशी तो माणूस वारला. "तेव्हापासून हे असे," काकू म्हणाल्या. कसे, ते त्यांनी सांगितलं नाही. डब्यात भाजी भरली, पोळ्या चार जास्त घातल्या आणि डबा माझ्या हातात दिला.

त्या चोराचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. त्याच्यावर रीतसर खटला चालला आणि त्याला काही महिन्यांची शिक्षा झाली. साक्षीला मी गेले, काकाही गेले, आणि जे पाहिलं तेच त्यांनी सांगितलं. एक शब्द मऊ केला नाही. सेठजींची स्कूटर त्याने चोरलेली नव्हती. ती कधीच सापडली नाही. तो माणूस सुटल्यावर सुधारला की नाही मला माहीत नाही. काका म्हणायचे, सुधारणं आपल्या हातात नाही. त्याचे हातपाय जेवढे होते तेवढे घेऊन तो आत गेला आणि तेवढे घेऊन बाहेर आला, एवढं आपल्या हातात होतं.

त्या संध्याकाळी मी डबा घेऊन चौकीवर पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. साहेब अजून आले नव्हते. बाहेरूनच मला हसण्याचा आवाज ऐकू आला, आणि त्यात काकांचा आवाज. मी दारातच थांबले.

काका खोलीच्या मधोमध उभे होते. सिनेमात कुणी बोललं तर डोळे वटारणारे काका आज स्वतः सिनेमा सांगत होते. त्या माणसाने विचारलं होतं, की मी मधूनच बघितलं, आधी काय झालं? म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली होती. स्टेशन, पेटी, तीन चोर. मुन्शीची टोपी त्यांच्या हातात होती आणि तीच पेटी होती. पडद्यावर जे पाच मिनिटांत उरकतं ते त्यांनी केव्हापासून ताणलं होतं कोण जाणे. चोरांना त्यांनी गावं दिली होती, बायका दिल्या होत्या, एकाला रेशनच्या रांगेत उभं केलं होतं. दुसऱ्या दोन सिनेमांतली माणसं येऊन या गोष्टीत मिसळली होती. आवाज बसला होता, दुखरा पाय त्यांनी बाकाला टेकवला होता. हवालदार पेन खाली ठेवून ऐकत होता. मुन्शी खुर्ची ओढून जवळ आला होता. कोपऱ्यात जमिनीवर तो माणूस, अंगावर ओरखडाही नसलेला, तोंडावर हात ठेवून हसत होता.

मी आत गेले आणि हळूच म्हणाले, "काका, काकूंनी डबा दिलाय. जेवून घ्या."

त्यांनी दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं. साहेबांच्या जीपचा पत्ता नव्हता. मग मुन्शीची टोपी पुन्हा काखेत मारली.

"ठेवा तिथे," ते म्हणाले. "अजून मध्यंतर व्हायचंय."